रिकाम्या पोटी घेतलेली गोळी

“मंग त्या गोळीले कसं समजते, दुखते कुठं ते?”

भन्ते रेवतांनी विचारलं आणि हातातला खराटा पायरीला टेकवून ठेवला.

श्रामणेर नंदिय, विहारातला शिकाऊ भिक्खू, हसला. असा प्रश्न कुणी विचारला की त्याला बरं वाटायचं. अंगावर चीवर येण्याआधी तो नागपुरात एका औषध कंपनीचा एम.आर. होता. डॉक्टरांच्या दाराशी तासन्‌तास बॅग घेऊन उभं राहायचं आणि आत बोलावलं की दोन मिनिटांत सगळं पटवून बाहेर पडायचं, हे त्याचं काम. ते काम सुटलं, पण सवय जिभेवरून गेली नव्हती.

“तिला समजत नाही, भन्ते.”

“समजत नाई?”

“नाही. ती रक्तात मिसळते आणि सगळीकडे जाते. डोक्यापासून तळपायापर्यंत.”

“अन् दुखनं तर गुडघ्यातलंच थांबते.”

“हो.”

“ते कसं?”

खैरटोल्याचा विहार गावाबाहेर, धानाच्या बांध्यांना लागून आहे. दुपारची वेळ होती. भन्ते रोज या वेळी अंगण झाडत आणि झाडताना बोलत नसत. आज त्यांच्या खराट्याला श्रामणेराच्या कुटीमागून गोळ्यांची रिकामी पाकिटं लागली होती. ती चकचकीत पाकिटं त्यांनी उचलून पायरीवर नीट मांडून ठेवली होती, आणि त्यांच्याकडे बघतच हे प्रश्न चालले होते.

नंदिय पायरीवर बसला. उजवा पाय त्यानं जपूनच वाकवला.

“समजा, गुडघ्याला इजा झाली. तिथल्या पेशी दुखावतात. मग त्या एक रसायन बनवायला घेतात. प्रोस्टाग्लँडिन म्हणतात त्याला. ते सुटलं की तिथल्या रक्तवाहिन्या रुंद होतात, पाणी झिरपतं, सूज येते. आणि नसांची टोकं हळवी होतात. एरवी जे जाणवलंही नसतं, ते दुखायला लागतं.”

“म्हंजे दुखनं आपलंच शरीर बनवते.”

“बनवतं. पण ते बनवायला एक एन्झाइम लागतं. गोळी जाऊन बरोबर त्या एन्झाइमच्या तोंडात बसते. कच्चा माल आत शिरत नाही, रसायन बनत नाही. सूज उतरते, नसा शांत होतात.”

“अन् जखम?”

“ती तिच्या वेळानं भरते. ते गोळीचं काम नाही.”

भन्तेंनी मान हलवली.

“हुशार लोकायनं बनवली.”

नंदियाला जरा चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. दुखण्याकडे तटस्थपणे पाहायचं सोडून गोळ्या कसल्या खातोस, असं भन्ते म्हणतील अशी त्याची खात्री होती. त्यावरचं उत्तरही त्यानं तयार ठेवलं होतं. आजारी भिक्खूला औषध घ्यायची मुभा आहे, कोणत्या ग्रंथात आहे, कोणत्या भागात आहे, सगळं तोंडपाठ. विचारलंच नाही कुणी. पाठ केलेलं उत्तर वाया गेलं की माणसाला कसं वाटतं, ते ज्यांनी परीक्षा दिल्या आहेत त्यांना ठाऊक असेल.

“मी घेतो त्या गोळ्या, भन्ते,” तो स्वतःहूनच म्हणाला. “लपवलं नाही मी. कुणी विचारलं नाही, एवढंच.”

“मी बी घेतो.”

“तुम्ही?”

“हेच. सकाळी भोजन झालं का एक. तिच्याआधी पोटाची एक. डॉक्टरनं देल्ली.”

 नंदियाची नजर नकळत सभागृहाकडे गेली. तिथं बुद्धमूर्तीच्या डाव्या हाताला एक निळी प्लास्टिकची खुर्ची होती. संध्याकाळच्या बैठकीला सगळे जमिनीवर बसत आणि भन्ते रेवत त्या खुर्चीवर. दोन्ही गुडघे झिजलेले, डॉक्टरांनी जमिनीवर बसायला सक्त मनाई केलेली. हे नंदियाला माहीत होतं. तरीही खैरटोल्यात आल्यापासून ती निळी खुर्ची त्याच्या डोळ्यांत खुपत आली होती. ध्यान शिकवणाऱ्यानं खुर्चीवर बसावं म्हणजे काय? हे तो कुणाजवळ बोलला नव्हता. मनात मात्र रोज बोलत होता.

“आनि जिथं मार लागला नाई,” भन्ते म्हणाले, “तिथं हे एन्झाइम ऱ्हायते का?”

“असतं.”

“तिथं काय करते?”

“वेगवेगळी कामं. मूत्रपिंडाला रक्त नीट पोचवतं. पोटात…”

तो थांबला.

“पोटात काय?”

“पोटाच्या आतल्या बाजूला एक चिकट थर असतो. तो राखतं. पोटातलं आम्ल फार जहाल असतं, भन्ते. तो थर नसेल तर पोट स्वतःलाच खाईल.”

“गोळी तेही बंद करते?”

“तेही.”

“तिले फरक नाई समजत.”

“नाही. म्हणून तर जेवणानंतर घ्यायला सांगतात. तेवढ्यानं पूर्ण बचाव होतो असं नाही, पण पोट अगदीच उघडं पडत नाही.”

“तू कवा घेतोस?”

…

नंदियानं पाकिटांकडे बघितलं.

“संध्याकाळी. वंदनेच्या आधी.”

“संध्याकाळी आपन जेवत नाई.”

“नाही.”

“बारा वाजल्यापासून पोटात काई नाई.”

“शील आहे, भन्ते. दुपारनंतर अन्न नाही. औषध चालतं, अन्न चालत नाही.”

“म्हंजे तू शील बी मोडलं नाई, अन् गोळी बी सोडली नाई.”

“नाही.”

“एकच घेतोस?”

“आधी एक पुरायची.”

हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला. एम.आर. असताना हाच माणूस डॉक्टरांना हात जोडून सांगत असे, साहेब, रिकाम्या पोटी नको, जास्त दिवस नको. छापील कागद पुढे करून सांगत असे. स्वतःची वेळ आली तेव्हा त्यानं दोन्ही केलं.

आता त्यामागचं कारण सांगायला हवं. या विहारात एक जुना पायंडा आहे. ज्या श्रामणेराची उपसंपदा व्हायची असेल, म्हणजे जो पूर्ण भिक्खू होणार असेल, त्यानं आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर अधिष्ठानाला बसायचं. मांडी घातली की सोडायची नाही, हात हलवायचा नाही, समोरच्या समया विझेपर्यंत. ग्रंथात असं कुठंही लिहिलेलं नाही. कधीकाळी इथल्या एका भन्तेंनी सुरू केलं आणि गावाला ते आवडलं. गावाला एखादी गोष्ट आवडली की ती ग्रंथापेक्षा पक्की होते. नंदियानं त्या एका संध्याकाळसाठी पूर्ण वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तिन्ही महिने, सराव केला. रोज बसला. गुडघा सुजला तरी बसला. दिवसा लंगडायचा, संध्याकाळी दगडासारखा बसायचा. वंदनेला आलेल्या गावातल्या बाया कौतुकानं बघायच्या.

उद्या पौर्णिमा होती. बाहेरगावचे भिक्खू सकाळी यायचे होते. अधिष्ठानाची बैठक आज होती.

विहिरीजवळ पंचफुलाबाई मेश्राम भांडी घासत होती. विहारातलं भोजनदान तीच सांभाळायची. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, एक भाजी. भन्तेंसमोरही ती मनातलं बोलून मोकळी व्हायची. तिनं तिथूनच आवाज दिला.

“भन्तेजी, त्याइले इचारा, सकाळी भात काऊन तसाच ठेवला.”

“भूक नव्हती, ताई,” नंदिय म्हणाला.

“अन् पायरीवर भवंड आली ते?”

भन्तेंनी नंदियाकडे बघितलं. पंचफुलाबाई हात पुसत जवळ आली, पण नियमानं दोन पावलं लांबच थांबली.

“सकाळी पडतच होते जी. म्या हात पुढं केला अन् मागं घेतला. बाईनं भिक्खूले हात लावू नये म्हंतात. तशीच पाहत उभी ऱ्हायली. खांब पकडला म्हनून वाचले. तोंड पाहा त्याइचं. रक्त हाये का तोंडावर?”

नंदियाचं तोंड खरंच पांढरं पडलं होतं. चिवराच्या रंगामुळे ते जास्तच दिसत होतं.

“पोट काय म्हनते?” भन्तेंनी विचारलं.

…

“नंदिय.”

“काळं होतंय, भन्ते.”

“काय काळं?”

“शौचाला. डांबरासारखं.”

“म्हंजे काय ते? तूच सांग. तुले समजते.”

नंदियाला समजत होतं. कागदावर ते त्यानं कितीदा तरी दाखवलं होतं, बोट ठेवून दाखवलं होतं.

“रक्त आहे. पोटात कुठंतरी जखम झालीय आणि ती वाहतेय. आतल्या आत पचून रक्त काळं होतं.”

“कवापासून?”

“काल सकाळपासून.”

पंचफुलाबाई मटकन खाली बसली.

“माह्या भासऱ्याले, मालकाच्या मोठ्या भावाले, असंच झालं होतं,” ती म्हणाली. “पाठ दुखे म्हनून गोळ्या खाये. आमाले वाटे, काई खाल्लं असन काळं. रोवन्याचे दिवस होते, कोनाले सवड नव्हती. नेलं तालुक्याले, पन रस्त्यातच…”



भन्ते उठले. “तुह्या भाच्याचा ऑटो हाये का गावात?”

“असन. बोलावतो.” ती लगेच कमरेचा मोबाईल काढायला लागली.

“थांबा, ताई,” नंदिय म्हणाला. “आज नाही. उद्या जाईन. उपसंपदा झाली की लगेच.”

“डोकं फिरलं का तुमचं?” पंचफुलाबाई नंदियावर ओरडली.

“एक रात्र. फक्त एक रात्र काढायची आहे. आज गोळीही घेणार नाही. तशीच बैठक करीन.”

“गोळी नाई घेतली म्हनून जखम थांबन का?” भन्तेंनी विचारलं. “तूच तर सांगतलं, जखम आपल्या वेळानं भरते.”

 नंदियानं मान वर केली. त्याचे डोळे ओले होते, पण आवाज पक्का होता.

“भन्ते, मी इंजिनिअरिंग दोन वर्षांनी सोडलं. बँकेच्या परीक्षेला बसलो आणि अर्ध्या पेपरातून उठून आलो. साखरपुडा झालेलं लग्न मोडलं. नोकरी सोडली. चीवर घेतलं तेव्हा बाबा म्हणाले, किती दिवस? हेही सोडशील. उद्या ते येणार आहेत. आयुष्यात मी एकदाही शेवटपर्यंत बसलेलो नाही, भन्ते. एकदाही नाही. आज बसणार.”

त्याच्या या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड होतं.

“मी जा म्हनलो तर?”

“आज्ञा केलीत तर उठेन. दवाखान्यात जाईन. पण मनानं मी तिथंच, त्या जागेवर बसलेला असेन. तिथून तुम्ही मला उठवू शकणार नाही.”

भन्तेंनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. रागानं बघितलं नाही. ज्याला रागवायचं त्याच्याकडे माणूस इतका वेळ बघत नाही.

“बरं,” ते म्हणाले. “बस.”

पंचफुलाबाईचा मात्र संताप झाला.

“तुमाले तरी समजते का काई? लेकरू मरून राहिलं अन् तुमी म्हंता बस? असं कोनतं शील हाये जी हे? भगवंतानं सांगतलं का पोटातून रक्त गेलं तरी बसून राहा म्हनून?”

“ऑटो बोलाव,” भन्ते म्हणाले.

“बोलावतोच. तुमी नाई म्हनलं असतं तरी बोलावला असता.”

भन्तेंनी खराटा उचलला आणि राहिलेलं अंगण झाडायला घेतलं.

संध्याकाळी वंदना झाली. धान भरायला आलं होतं, त्यामुळे गावातले पुरुष रानडुकरं हाकायला बांध्यांवर गेले होते. सभागृहात सगळ्या बायाच होत्या, पांढरी लुगडी नेसलेल्या. समया लावल्या. नंदिय मूर्तीसमोर बसला. उजवा पाय डाव्या मांडीवर घेताना त्याच्या कपाळावर घाम आला. तो पुसण्यासाठीही त्यानं हात वर केला नाही.

भन्ते आत आले. खुर्चीजवळ गेले.

पण बसले नाहीत.

त्यांनी ती निळी खुर्ची उचलली, दारापर्यंत नेली आणि बाहेर ओसरीवर ठेवून दिली. परत येऊन ते नंदियाच्या समोर, अगदी समोर उभे राहिले. एका हातानं भिंत धरली. दुसऱ्या हातानं स्वतःचा गुडघा दाबत ते खाली जायला लागले.

बायांमध्ये कुजबुज झाली. म्हातारा माणूस जमिनीवर बसतोय, ते बघणंही सोसत नव्हतं. अर्ध्यावर ते थांबले, श्वास घेतला, मग धपकन बसले. डावा पाय हातानं उचलून दुमडला. उजवा पाय दुमडत नव्हता. दोन्ही हातांनी धरून त्यांनी तो आत ओढला. गुडघ्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

मग त्यांनी मांडीवर हात ठेवले आणि डोळे मिटले.

…

नंदियाचे डोळे उघडेच राहिले.

काही वेळ गेला. भन्तेंच्या वरच्या ओठावर घाम जमा झाला.  उजव्या गुडघ्यावरचं चीवर जरा सरकलं होतं. गुडघा दोन्ही बाजूंनी भरून आला होता, वरची कातडी ताणून चकाकत होती.

त्या गुडघ्यात काय चाललं असेल, हे त्या सभागृहात एकट्या नंदियालाच नीट माहीत होतं. कोणती पेशी काय बनवतेय, कोणती नस कशी हळवी होतेय. दुपारी त्यानं ते घडाघडा सांगितलं होतं आणि सांगताना त्याला मजा वाटली होती. आता वाटत नव्हती. झिजलेल्या हाडावर हाड घासत होतं, आणि ते एका म्हाताऱ्या माणसाला दुखत होतं.

“भन्ते,” तो अगदी हळू म्हणाला. अधिष्ठानात बोलायचं नसतं. तरी बोलला. “खुर्चीवर बसा.”

भन्ते हलले नाहीत.

“भन्ते, दुखतंय तुम्हाला.”

“हाव.”

“मग उठा ना.”

“संकल्प केला.”

“कशाचा?”

“तू उठेपर्यंत बसाचा.”

…

“ही जबरदस्ती आहे, भन्ते.”

“हाव.”

“मी उठणार नाही.”

“बरं.”

“रात्र झाली तरी उठणार नाही.”

“बरं.”

भन्तेंनी डोळे उघडले नव्हते. आवाजात धमकी नव्हती, विनवणीही नव्हती. पेज घेणार का विचारल्यावर द्यावं तसं ते उत्तर देत होते. पंचफुलाबाई दाराशी उभी होती. मघाशी तिनं भन्तेंना जे काही ऐकवलं होतं, त्यातलं अर्धं तिला आता गिळावंसं वाटत होतं. बाहेर ऑटो येऊन थांबला. भाच्यानं हॉर्न वाजवला, मग आतली शांतता पाहून पुन्हा वाजवला नाही.

नंदियानं डोळे मिटून घेतले. दिसलंच नाही तर त्रास होणार नाही, असं त्याला वाटलं असावं. पण भन्तेंचा श्वास ऐकू येत होता. आत जाताना मध्येच अडकत होता. प्रत्येक वेळी तो अडकला की नंदियाच्या पोटात खड्डा पडायचा, आणि तो खड्डा जखमेचा की भीतीचा, हे त्याला कळेना. त्याला गरगरायला लागलं. तळहात गार पडले. ही लक्षणंही त्याला पाठ होती.

तरी तो बसून राहिला. हट्टाला शाबासकी द्यायची तर त्या वेळी द्यायला हवी. तसा हट्ट फार थोड्यांना जमतो.

मग भन्तेंच्या तोंडून एक आवाज आला. बारीक, कण्हल्यासारखा. त्यांनी तो ओठ मिटून लगेच दाबला.

नंदियानं डोळे उघडले. म्हाताऱ्याच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

त्या माणसाला त्यानं महिनोन्‌महिने खुर्चीवर बसलेलं पाहिलं होतं आणि मनात हलकं लेखलं होतं. तो माणूस दुखणं सोसून हवं तेव्हा खाली बसू शकत होता, आणि तरीही लोक काय म्हणतील याची पर्वा न करता रोज सगळ्यांसमोर खुर्चीवर बसत होता. नंदियाला हे एकदम कळलं, आणि कळल्यावर फार लाज वाटली.

“पुरे, भन्ते.”

भन्ते तसेच बसून राहिले.

“पुरे म्हणतो ना मी. उठा. पाया पडतो तुमच्या.”

“मी उठनार नाई,” भन्ते म्हणाले.

समया अजून भरलेल्या होत्या. नंदियानं त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग मूर्तीकडे बघितलं. मग त्यानं दोन्ही हातांनी आपला उजवा पाय धरला आणि मांडीवरून खाली ठेवला.

बायांच्या रांगेतून एक सुस्कारा निघाला. तो सुटकेचा होता. पण नंदियाला तो वेगळाच ऐकू आला. इतके दिवस याच सुस्काऱ्याला तो घाबरत होता.

तो भिंतीला हात टेकत उठला. डोळ्यांपुढे काळोखी आली. पंचफुलाबाई दोन पावलं धावली, तिचे हात पुढे झाले आणि तसेच हवेत थांबले. नंदियानं खांब धरला. काळोखी हळूहळू सरली.

“संपलं,” तो म्हणाला. त्याला रडू फुटलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. “पुन्हा उठलोच मी, भन्ते. बाबा बरोबर बोलले होते. हेही अर्धंच.”



भन्ते रेवतांनी डोळे उघडले. त्यांनी उजवा पाय सोडवायचा प्रयत्न केला. पाय जागचा हलला नाही. त्यांनी हात जमिनीला टेकवून अंग वर उचलायला पाहिलं आणि तिथंच पुन्हा बसले. अजून एकदा पाहिलं. नाही जमलं.

पंचफुलाबाईनं बायांकडे बघितलं. बायांनी तिच्याकडे बघितलं. सभागृहात भिक्खूला हात लावू शकेल असं नंदियाशिवाय कुणीच नव्हतं. पंचफुलाबाई ऑटोतल्या भाच्याला हाक मारायला वळली, तशी भन्तेंनी मान हलवून तिला थांबवलं.

“तुह्यात तेवढं बळ हाये का आता?” भन्तेंनी विचारलं.

नंदियानं डोळे पुसले. खांबावरचा हात सोडून बघितला. तोल गेला नाही.

“आहे.”

“जपून करशीन.”

“करीन.”

तो खांब सोडून पुढे आला. भन्तेंच्या समोर पाय रोवून उभा राहिला.

“भन्ते, माझ्या अधिष्ठानाचं काय?”

म्हाताऱ्यानं दोन्ही हात वर केले.

“ऱ्हायलेलं अर्धं हे हाये. आता मले उठव.”